जानेवारीत आई-बाबांना रेल्वेने काश्मीरला नेतेय. बर्फात गाडी अडकली तर?

लष्करवाली | १४ डिसेंबर, रात्री ९.५०

नमस्कार मंडळी. मी ग्वाल्हेरला, लष्कर भागात जनकगंजजवळ राहते. बाबा ७४ वर्षांचे आहेत, आई ६९. बाबांची आयुष्यभराची एकच हौस राहिली आहे: धावत्या गाडीच्या खिडकीतून बर्फ पडताना बघायचा. शाळेत असताना ते आपल्या श्योपूरच्या छोट्या लाइनीने मामाकडे सबलगढला जायचे. ती गाडी २०२० मध्ये बंद झाली त्या दिवशी बाबा रात्री जेवले नव्हते. गाडी या माणसाच्या रक्तातच आहे, म्हणून विमानाचं नाव काढलं की ते गप्प होतात.

२०२५ च्या जूनमध्ये कटऱ्याहून श्रीनगरपर्यंत रेल्वे सुरू झाल्यापासून त्यांनी कॅलेंडरवर खुणा करायला घेतल्या आहेत. बेत असा: संक्रांत घरी करायची, २० जानेवारीला ग्वाल्हेरहून कटऱ्याला निघायचं, तिथून श्रीनगरची वंदे भारत. चार दिवस राहून परत. मी आणि माझा नवरा सोबत आहोत.

मला झोप येत नाही ती एवढ्यासाठी की ऐन बर्फात, डोंगरात, गाडी मध्येच थांबली तर? बाबांना साखर आहे, इन्सुलिन चालू आहे. आईचे गुडघे बरे नाहीत. ज्यांनी बर्फात रेल्वेचा प्रवास केलाय त्यांनी मोकळेपणाने सांगा. जाऊ नका म्हणायचं असेल तर तेही सांगा.

तिळगूळ_घ्या | १४ डिसेंबर, रात्री १०.१५

ताई, मी सांगते, मार्चअखेरीस जा. ट्यूलिपची बाग उघडते, हवा छान असते, आई-बाबांना सोसेल. जानेवारीत तिकडे चिल्ले कलां असतो, २१ डिसेंबरपासूनचे चाळीस दिवस. दल सरोवराचा काठ गोठतो, नळ गोठतात. सत्तरीच्या माणसांना कशाला तो ताप?

लष्करवाली | १४ डिसेंबर, रात्री १०.३२

तिळगूळताई, मार्चमध्ये खाली दरीत बर्फ पडत नाही ना. त्यांना तोच बघायचाय.

पहाडी_भटक्या | १४ डिसेंबर, रात्री ११.०५

मी इंदूरचा. कामानिमित्त खोऱ्यात दर हिवाळ्यात दोन-तीन फेऱ्या होतात. आधी रेल्वे नव्हती तेव्हा जम्मूहून रस्त्याने जायचो. रामबनच्या पट्ट्यात दरड आली की महामार्ग बंद, आणि ट्रकच्या रांगेत रात्र काढायची. ते दिवस आठवले की आजही अंगावर काटा येतो. म्हणून सांगतो, बर्फाच्या दिवसांत त्या भागात जायचं तर रेल्वेइतकं खात्रीचं साधन दुसरं नाही. विमानसुद्धा नाही. श्रीनगरला बर्फ आणि धूसर हवा असली की विमानं रद्द होतात.

आता तुमच्या भीतीचं बघू. कटरा ते बनिहाल हा १११ किलोमीटरचा तुकडा आहे, आणि त्यातले सुमारे ९७ किलोमीटर बोगद्यात आहेत. म्हणजे डोंगरात गाडी बर्फाच्या भिंतीत रुतून बसलीय हे जे चित्र तुमच्या डोळ्यासमोर आहे, ते तिथे घडायला बर्फाला जागाच नाही. मध्ये उघडं येतं ते मुख्यतः पुलांवर आणि स्थानकांत. चिनाबचा पूल नदीपासून ३५९ मीटर उंच आहे, तो तेवढा डोळे भरून बघा, पटकन जातो. बनिहालनंतर पीर पंजालचा ११.२ किलोमीटरचा बोगदा, तो २०१३ पासून चालू आहे. तो संपला की काझीगुंड, आणि तिथून पुढे खरा बर्फ. खोरं सपाट आहे, उघडं आहे. गाडी रेंगाळली तर तिथे रेंगाळेल, आणि तिथे दर काही किलोमीटरवर गाव आहे, स्थानक आहे.

लोको_निवृत्त | १५ डिसेंबर, सकाळी ६.२०

लष्करवाली बेटा, मी झाशी मंडळात ३४ वर्षं इंजिनावर होतो, आता मुरारला असतो. तुझा प्रश्न वाचला आणि सकाळचा चहा बाजूला ठेवून लिहायला बसलो.

आधी बर्फाने गाडी थांबते म्हणजे नेमकं काय होतं ते समजून घे, म्हणजे निम्मी भीती जाईल. लोकांना वाटतं रुळावर ढीग साचतो आणि गाडी पुढे जात नाही. तसंही होतं, पण त्याच्या कितीतरी आधी सांधा अडतो. सांधा म्हणजे गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर घेण्याची जागा, आपल्याकडे त्याला काँटा म्हणतात. त्यात एक निमुळता हलणारा रूळ असतो, टंग रेल. तो सरकून बाजूच्या पक्क्या रुळाला घट्ट चिकटला पाहिजे, मग कुलूप लागतं, मग सिग्नल पडतो. आमच्याकडे तपासणी अशी असते: त्या दोन रुळांच्या मध्ये ५ मिलिमीटरची पट्टी ठेवायची. कुलूप लागलं तर सांधा नापास. म्हणजे पाच मिलिमीटरची फट राहिली तरी सिग्नल हिरवा होता कामा नये. आता विचार कर, भुसभुशीत बर्फ त्या फटीत पडला, टंग रेलने तो दाबला, दाबून त्याचा दगड झाला. पाच मिलिमीटर व्हायला कितीसा वेळ? सिग्नल लाल राहतो, गाडी उभी राहते. आत बसलेल्यांना वाटतं काहीतरी मोठं बिघडलंय. प्रत्यक्षात यंत्रणा जे करायला बनवली आहे तेच करत असते. कोणीतरी झाडू आणि फावडं घेऊन जातो, सांधा साफ करतो, गाडी निघते.

आणि आता जे सांगतो ते नीट ऐक. तुमची गाडी बर्फात अडकायची शक्यता थोडी आहे. धुक्यात अडकायची शक्यता खूप आहे. ग्वाल्हेर सोडल्यावर मुरैना, मग चंबळ, धौलपूर, आग्रा. जानेवारीच्या रात्री चंबळच्या पुलावर मी स्वतःच्या इंजिनाचं नाक बघितलेलं नाही. पुढे दिल्लीपासून पंजाब पार होईपर्यंत तीच चादर. आमच्या वेळी सिग्नलच्या २७० मीटर अलीकडे रुळावर पटाखे लावलेले असत. चाक गेलं की धाड धाड आवाज, मग कळायचं की सिग्नल जवळ आला, वेग कमी करायचा आणि डोळे फाडून बघायचं. ते पटाखे लावणारा माणूस रात्रभर तिथे शेगडीजवळ बसलेला असे. त्या माणसांना मी अजून विसरलेलो नाही. आता इंजिनात फॉग पास यंत्र असतं, पुढचा सिग्नल किती दूर आहे ते उपग्रहावरून कळतं आणि बोलून सांगतं. त्यामुळे धुक्यात आधी ६० चा वेग धरायचे तिथे आता ७५ पर्यंत परवानगी आहे. तरीही ७५ म्हणजे ७५. एक गाडी सावकाश आली की तिच्या मागच्या दहा सावकाश येतात.

म्हणून कटऱ्याला पोचण्याचा दिवस आणि श्रीनगरच्या गाडीचा दिवस यांच्यात एक पूर्ण दिवस मोकळा ठेव. निदान एक रात्र तरी ठेवच. तू जर सकाळी पोचून दुपारची गाडी पकडायचं ठरवलं असशील तर आजच बदल.

लष्करवाली | १५ डिसेंबर, सकाळी ८.४५

काका, अगदी तसंच ठरवलं होतं. सकाळी ९ ला कटरा, दुपारी श्रीनगरची गाडी. तुमचं वाचलं आणि हात थरथरले. आजच तारीख पुढे ढकलते.

बडोद्याची_मावशी | १५ डिसेंबर, दुपारी १.३०

बरं झालं विचारलंस. आम्ही बडोद्याहून वैष्णोदेवीला गेलो होतो तेव्हा धुक्यामुळे गाडीला अकरा तास उशीर झाला होता. खायला जवळ फक्त बिस्किटं होती. तेव्हापासून हिवाळ्यात उत्तरेकडे निघाले की दशम्या, तिळकूट, लसणाची कोरडी चटणी आणि गूळपोळ्या ठरलेल्या. दशमी दुधात भिजवलेली असली की तीन दिवस मऊ राहते. तुम्ही तर संक्रांत करून निघणार, गूळपोळ्या जास्तीच्याच कर. तुमच्या ग्वाल्हेरची गजक थंडीत बिघडत नाही, ती पण घे. फक्त बाबांच्या हाती डबा देऊ नको, साखर आहे म्हणालीस.

शिकागोतला_ग्वाल्हेरी | १५ डिसेंबर, रात्री ११.५५

काकांनी सांध्याचं लिहिलं ते वाचून राहवलं नाही. मी दौलतगंजचा, गेली १९ वर्षं शिकागोला. इथे थंडी उणे २०-२५ पर्यंत उतरली की लोकल गाड्यांच्या मोठ्या जंक्शनवर रूळ पेटलेले दिसतात. खरोखर पेटलेले, रुळाला लागून ज्वाळांच्या रांगा. पहिल्या हिवाळ्यात मी घाबरून शेजारच्याला विचारलं होतं. सांध्यांच्या बाजूला गॅसचे बर्नर बसवलेले असतात, ते रूळ गरम ठेवतात आणि फटीतला बर्फ वितळवतात. काही ठिकाणी विजेवर चालणारे हीटर आहेत. म्हणजे इतक्या बर्फाच्या देशातही सगळी लढाई त्या काही मिलिमीटरसाठीच चालते.

स्वतःचा एक अनुभव सांगतो. मी, बायको आणि दोन मुलं लांब पल्ल्याच्या गाडीने पश्चिमेकडे चाललो होतो. रात्री वादळ आलं, गाडी माळरानात उभी राहिली. साडेपाच तास. चहूकडे पांढरं, खिडकीबाहेर हात लांबचं दिसत नव्हतं. पहिले दोन तास काही वाटलं नाही. मग इंजिनात काहीतरी झालं आणि डब्यातली ऊब गेली. इथल्या डब्यांना वीज इंजिनाकडून येते, इंजिन बंद म्हणजे हीटर बंद. तासाभरात श्वासाची वाफ दिसायला लागली. तेव्हा कळलं की बर्फात गाडी उभी राहण्याने काही होत नाही. ऊब जाते तेव्हा खरी परीक्षा. आमचे जाड कोट सामानाच्या डब्यात गेलेल्या बॅगांमध्ये होते, ही माझी चूक. मुलांना आम्ही आमच्या स्वेटरात घेऊन बसलो.

तर ताई, गरम कपडे बॅगेत वर नाही, मांडीवर किंवा सीटखाली. टोपी, मोजे, हातमोजे, शाल, आईंसाठी गुडघ्यांवर घ्यायला गोधडी. सगळं हाताशी.

लोको_निवृत्त | १६ डिसेंबर, सकाळी ६.०५

शिकागोवाल्यांनी ऊब जाण्याचं लिहिलं ते अगदी महत्त्वाचं. आपल्याकडेही तेच तत्त्व. डब्यातला गरमपणा विजेवर, वीज वरच्या तारेतून. तारेवर बर्फाचं पाणी गोठलं किंवा झाड पडलं आणि करंट गेला, तर हीटर गेला. बॅटरीवर दिवे आणि थोडी हवा चालते, ऊब नाही. पण अशा वेळी डिझेलचं इंजिन लावून गाडी ओढून नेता येते.

श्रीनगरच्या वंदे भारतबद्दल: ती उणे २० पर्यंत चालावी म्हणून वेगळी बनवली आहे. चालकाच्या समोरच्या काचेत तापणाऱ्या तारा आहेत, म्हणजे काचेवर बर्फ धरत नाही. पाण्याच्या टाक्यांना आणि नळ्यांना हीटर आहेत, शौचालयाच्या टाकीलाही. तुझ्या आईला ही शेवटची गोष्ट सांग, बायकांना तीच काळजी आधी असते आणि ती रास्त आहे.

ओमस्कचा_विद्यार्थी | १६ डिसेंबर, सकाळी ११.४०

मी रशियात डॉक्टरकीचं शिकतो, घर ग्वाल्हेरला थाटीपूरला. इथे सायबेरियात उणे ३५ ला गाड्या वेळेवर धावतात. यामागचं एक कारण मला फार आवडतं. इथल्या बऱ्याच डब्यांना प्रत्येकी स्वतःची कोळशाची भट्टी असते. इंजिन बंद पडो, तार तुटो, डबा गरम राहतो. प्रत्येक डब्याला एक परिचारिकेसारखी बाई असते, प्रवोद्नित्सा म्हणतात, ती भट्टीत कोळसा घालते आणि डब्याच्या टोकाच्या मोठ्या बंबात चोवीस तास उकळतं पाणी ठेवते. गाडी थांबली की खाली उतरून लोखंडी सळईने डब्याखालचा गोठलेला बर्फ ठोकून काढते. मी पहिल्या वर्षी त्या बंबाच्या पाण्यात मॅगी आणि घरचा मसाला घालून चहा करून प्रवास काढले.

ताई, थर्मास न्या, मोठा. डब्यात मिळालं तरी न्या. गरम पाणी हातात असलं की म्हाताऱ्या माणसांचा धीर टिकतो, हे मी इथल्या आज्ज्यांकडे बघून शिकलो.

बर्फाळ_वाट | १६ डिसेंबर, रात्री ८.२०

जपानमध्ये निइगाताला सात वर्षं होते, त्यामुळे लिहिते. तिथे हिवाळ्यात माणसाच्या उंचीइतका बर्फ पडतो आणि तरी शिंकान्सेन धावते. १९८२ मध्ये ती लाइन सुरू झाली तेव्हापासून रुळांच्या कडेला पाण्याचे फवारे आहेत. कोमट पाणी सतत उडत असतं, बर्फ पडला की वितळतो, पाणी गोळा करून पुन्हा गरम करून पुन्हा वापरतात. उरलेल्या भागात लांबच लांब बोगदे. आपल्या कटरा-बनिहालसारखंच. बर्फाशी भांडण्यापेक्षा डोंगराच्या पोटातून जायचं.

पण गंमत बघा, तोक्यो-ओसाकाच्या जुन्या लाइनीवर सेकिगाहारा नावाच्या एका पट्ट्यात बर्फ थोडाच पडतो आणि तिथे गाड्या हळू करतात. कारण वेगात उडालेला बर्फ डब्याच्या पोटाला चिकटतो, त्याचं ढेकूळ होतं, पुढे उबदार भागात ते सुटून रुळांमधल्या खडीवर आदळतं आणि खडी उडून काच फोडते. म्हणून बाहेर फारसा बर्फ दिसत नसताना गाडी हळू चालली तर वैतागू नका, कोणीतरी विचार करून हळू केलेली असते.

आणि एक गोष्ट सगळ्यांनी लक्षात ठेवावी अशी. जानेवारी २०१८ मध्ये निइगाता भागातच सान्जो शहरात चार डब्यांची एक साधी लोकल बर्फात रुतली. सुमारे ४३० माणसं, रात्रभर, पंधरा तास. बरेच जण उभे. पुढचं स्थानक जवळ होतं आणि तरी रात्री लोकांना उतरू दिलं नाही. तेव्हा खूप टीका झाली. मी पण चिडले होते, माझी एक मैत्रीण त्या भागात राहायची. नंतर विचार केल्यावर पटलं की काळोखात, छातीभर बर्फात, चारशे माणसं चालवणं म्हणजे कोणीतरी गमावणं. लोकांना जास्त त्रास झाला तो पुढे काय होणार हे नीट कळत नव्हतं त्याचा. गाडी थांबली की उतरायचं नाही. डबा हे त्या क्षणी तुमचं घर आहे.

शिकागोतला_ग्वाल्हेरी | १६ डिसेंबर, रात्री ११.१०

बर्फाळ_वाट यांच्याशी शंभर टक्के सहमत. इकडे १९५२ च्या जानेवारीत कॅलिफोर्नियात डॉनर खिंडीजवळ सिटी ऑफ सॅन फ्रान्सिस्को ही गाडी वादळात गाडली गेली. २२६ माणसं, तीन दिवस. इंधन संपलं, ऊब गेली, तरी लोक डब्यांतच थांबले. रस्ता मोकळा झाल्यावर त्यांना चालत खाली मोटारींपर्यंत नेलं आणि सगळे प्रवासी वाचले. त्याच डोंगरातून आजही रोज प्रवासी गाडी जाते.

२०१९ च्या फेब्रुवारीतही ओरेगनमध्ये एक गाडी झाडाला धडकून बर्फात दीड दिवस उभी होती, १८३ प्रवासी. तेव्हाही सगळ्यांना आतच ठेवलं. वीज चालू होती, ऊब होती, खाणं होतं. मुलांनी म्हणे डब्यात गाणी म्हटली.

पहाडी_भटक्या | १७ डिसेंबर, सकाळी ९.१५

एक शंका काकांना. बोगद्यात बर्फ नाही म्हणून मी निर्धास्त होतो, पण २००९ च्या डिसेंबरात इंग्लंड-फ्रान्सच्या समुद्राखालच्या बोगद्यात एकाच रात्री पाच गाड्या बंद पडल्या होत्या ना? ती काय भानगड होती?

लोको_निवृत्त | १७ डिसेंबर, सायंकाळी ५.५०

चांगला प्रश्न. त्या रात्री फ्रान्समध्ये पिठासारखा बारीक बर्फ पडत होता. तो इंजिनाच्या जाळ्यांतून आत शिरला. बाहेर थंड, तोवर काही झालं नाही. बोगद्यात हवा उबदार, तिथे बर्फाचं पाणी झालं आणि विजेच्या उपकरणांवर ओल धरली. दोन हजारांहून जास्त माणसं अडकली. बर्फाने थेट नाही, बर्फ वितळल्याने गाड्या पडल्या.

त्या धड्यानंतर तिथल्या गाड्यांच्या जाळ्या आणि झाकणं यांकडे जास्त लक्ष गेलं. आपल्या तिकडच्या बोगद्यातून रोज गाड्या जा-ये करतात आणि २०१३ पासूनचे हिवाळे पार पडले आहेत. मी तरी माझ्या बायकोला घेऊन बिनघोर बसेन. खरं सांगायचं तर तुमचं सगळं वाचून मलाच जावंसं वाटायला लागलंय.

डॉ_दौलतगंज | १७ डिसेंबर, रात्री १०.००

मी वृद्धांवर उपचार करते, म्हणून तेवढंच लिहिते.

इन्सुलिन गोठलं की निकामी होतं, मग परत वितळलं तरी वापरायचं नाही. पेन बाबांच्या आतल्या खिशात, अंगाच्या उबेत. वरच्या बॅगेत किंवा खिडकीला टेकून ठेवू नका. थंडीत ग्लुकोमीटरही चुकीचं दाखवतो, आधी हातात धरून गरम करा. गाडीला उशीर होणार असं दिसलं तर जेवणाच्या आधीचा डोस जेवण समोर आल्याशिवाय घेऊ नका. दोन दिवसांची औषधं जास्तीची.

पाणी कमी पिऊ नका. शौचालयाच्या भीतीने आई पाणी टाळतील, हे प्रत्येक आई करते. समजावून सांगा.

श्रीनगर १६०० मीटरच्याही खाली आहे, उंचीचा त्रास होत नाही. घसरून पडण्याची भीती मात्र खरी. फलाटावर, हॉटेलच्या पायऱ्यांवर. रबरी खाचांचे बूट आणि आईंच्या हातात काठी.

आणि हे सगळ्यात महत्त्वाचं: खोलीत बुखारी (तिकडची लाकूड-कोळशाची शेगडी), कांगडी (निखाऱ्यांचं भांडं) किंवा गॅसचा हीटर लावून दारं-खिडक्या बंद करून झोपू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. दर हिवाळ्यात यात माणसं जातात. झोपताना कोळसा बाहेर, विजेची चादर आत.

लष्करवाली | १८ डिसेंबर, रात्री ९.३०

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. तारखा बदलल्या. २० ला निघणार, २१ ला कटरा, २३ ला श्रीनगर. बाबांना तुमच्या सगळ्या पोस्ट वाचून दाखवल्या. सांध्याच्या पाच मिलिमीटरचं ऐकून त्यांनी फूटपट्टी काढून आईला दाखवलं. लोको_निवृत्त काकांना नमस्कार सांगितलाय.

पहाडी_भटक्या | १९ डिसेंबर, सकाळी ७.४०

दोन गोष्टी राहिल्या. आपल्याकडचं प्रीपेड सिम तिकडे चालत नाही, निदान एकाचं पोस्टपेड करून घ्या. आणि कटऱ्याला गाडीत बसण्याआधी सामानाची कसून तपासणी होते, तास-दीड तास आधी पोचा. आईंना व्हीलचेअर सांगून ठेवा.

लष्करवाली | ३० जानेवारी, रात्री १०.१०

मंडळी, आलो सुखरूप.

काका, तुम्ही म्हणालात तसंच झालं. चंबळ येईपर्यंत ठीक होतं, मग धुकं. खिडकीबाहेर जणू कोणी धोतर वाळत घातलंय. आमची गाडी कटऱ्याला साडेआठ तास उशिरा पोचली. आधीच्या बेताप्रमाणे असतो तर श्रीनगरची गाडी डोळ्यांदेखत गेली असती आणि आम्ही चौघं फलाटावर सामान घेऊन बसलो असतो. दशम्या, चटणी, थर्मास यांवर सगळे निवांत होते. समोरच्या बर्थवर पंजाबचं एक कुटुंब होतं, त्यांच्या लहान मुलीने आमची गजक आणि आम्ही त्यांची पिन्नी संपवली.

२२ च्या रात्रभर वर बर्फ पडत होता, कटऱ्याला नुसता पाऊस. सकाळी गाडी रद्द होते का म्हणून आम्ही चौघं फोनकडे बघत होतो. निघाली, वेळेवर निघाली. चिनाबच्या पुलावर ढग खाली होते, नदी दिसलीच नाही. बाबा म्हणाले, नदी परतताना बघू.

बनिहालला बाहेर डोंगर करडे, झाडं ओली, कुठे कुठे पांढरे ठिपके. मग पीर पंजालचा बोगदा. डब्यात सगळे आपोआप गप्प झाले. आणि बाहेर आलो तर… मला लिहिता येत नाही. एका क्षणात सगळं पांढरं. छपरं, तारा, चिनार, रुळांमधली जागा, सगळं. आणि वरून पडतही होता, मोठाले सावकाश कापूस. बाबांनी काचेला हात लावला आणि काढलाच नाही. आई त्यांच्याकडे बघत होती.

पुढे गाडी हळू झाली आणि एका स्थानकाच्या अलीकडे थांबली. वीसेक मिनिटं. कोणीतरी विचारलं, क्या हुआ. बाबा अगदी शांतपणे म्हणाले, काँटे में बर्फ होगी, निकाल रहे होंगे. पुढे वळण होतं, त्यामुळे आमच्या खिडकीतून खरंच दिसलं: फेरनवर नारंगी जॅकेट घातलेले तीन माणसं, एकाकडे फावडं, दोघांकडे झाडू. वाकून रुळांमधलं साफ करत होते. त्यांच्या टोप्यांवर बर्फ साचला होता. डब्यात ऊब होती, दिवे होते, आम्ही चहा पीत होतो आणि ती माणसं तिथे उभी होती. काका, तुमच्या शेगडीजवळच्या पटाखेवाल्याची आठवण झाली.

गाडी निघाली तशी ते तिघं बाजूला होऊन उभे राहिले. बाबांनी काचेतून हात केला. त्यांतल्या एकाने झाडू वर करून दाखवला.

लोको_निवृत्त | ३१ जानेवारी, सकाळी ६.१५

वाचलं बेटा. दोनदा वाचलं. इन्सुलिन ठीक राहिलं ना? आणि परतताना चिनाब दिसली का?

लष्करवाली | ३१ जानेवारी, सकाळी ९.००

इन्सुलिन बाबांच्या बनियनच्या खिशात होतं, साखर एकदाही वर गेली नाही. चिनाब दिसली. हिरवी होती, अगदी खाली, दोऱ्याएवढी. काका, पुढच्या जानेवारीत काकूंना घेऊन निघायचं असेल तर बाबा विचारताहेत, त्यांना बरोबर घ्याल का?